जानेवारीत छोट्या बोटीने जयगड ते मालवण: समुद्र खरंच तळ्यासारखा असतो का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याचे चौघे मित्र. २४ फुटी फायबरची बोट, मागे एकच आउटबोर्ड इंजिन. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात जयगडहून निघायचं, किनाऱ्याकिनाऱ्याने तीन दिवसांत मालवण गाठायचं, वाटेत वाळूवर तंबू ठोकायचे आणि तशाच परत यायचं. "हिवाळ्यात कोकणचा समुद्र तळ्यासारखा असतो असं सगळे म्हणतात. ते खरं आहे का, आणि नसेल तर नेमकं काय सांभाळायचं?"

मी गेली अठ्ठावीस वर्षं याच किनाऱ्यावर बोट चालवतोय. सुरुवातीची नऊ वर्षं मच्छीमारी बोटीवर होतो, त्यानंतर खोली मोजणाऱ्या सर्व्हेच्या लाँचवर. सर्व्हेचं काम म्हणजे इतर बोटी ज्या खडपांपासून, म्हणजे पाण्यातल्या खडकांपासून, लांब राहतात, त्यांच्याच अवतीभवती दिवसभर फिरायचं. त्यामुळे हिवाळ्यातला समुद्र मी लांबून कमी आणि खडकाच्या काठावरून जास्त पाहिला आहे.

तळ्यासारखा असतो, हे खरं आहे. पण सकाळी सात ते अकरा. उरलेल्या दिवसाबद्दल ते वाक्य वापरू नका. पावसाळ्यात समुद्र सरळ "येऊ नका" म्हणतो, तीन-चार मीटरच्या लाटा बघून कुणी बोट काढतच नाही. हिवाळ्यात तो सकाळी बोलावतो आणि दुपारी तुम्ही एखाद्या कड्याखाली किंवा खाडीच्या तोंडाशी असता तेव्हा बदलतो. हिवाळ्यात छोट्या बोटींचे जे अपघात मी जवळून पाहिले, त्यांतले बहुतेक वादळात झालेले नाहीत. लख्ख उन्हात, दुपारी दोन ते पाचच्या दरम्यान झालेले आहेत.

आधी वाऱ्याचं घड्याळ समजून घ्या. रात्री जमीन गार होते, सह्याद्रीच्या उतारावरची थंड हवा खाली घरंगळते आणि नद्यांच्या खोऱ्यांतून समुद्राकडे वाहते. हा मतलई वारा. रात्री उशिरा सुरू होतो, पहाटे जोरात असतो आणि आठ-नऊपर्यंत टिकतो. तो जमिनीकडून येतो, म्हणून किनाऱ्यालगत लाटच उठत नाही. मग तास-दीड तास वारा पडतो, पाणी तेलासारखं दिसतं. साडेअकरा-बाराच्या सुमाराला क्षितिजावर गडद निळी रेघ दिसायला लागते. ती खाऱ्या वाऱ्याची, म्हणजे समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्याची, पहिली खूण. रेघ जवळ आली की अर्ध्या तासात पाण्यावर पांढरी फुलं येतात. जानेवारीत हा वारा वायव्येकडून येतो, तीन-चारच्या सुमाराला भरात असतो आणि चांगल्या दिवशी १२ ते १५ नॉट सहज गाठतो, म्हणजे ताशी २२ ते २८ किलोमीटर. सूर्य बुडाला की पडतो.

हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा साधारणपणे वारा ताशी ४५ किलोमीटरच्या वर जाण्याची शक्यता असेल तेव्हा निघतो. तुमच्या २४ फुटी बोटीचे हाल त्याच्या निम्म्यावरच सुरू होतात. म्हणून "आज इशारा नाही" याचा अर्थ "आज आपल्यासाठी ठीक आहे" असा घेऊ नका. तो इशारा तुमच्या मापाचा नाही.

या दोन वाऱ्यांमुळे इंजिन बंद पडण्याचे अर्थही दोन होतात. सकाळी सातला इंजिन बंद पडलं तर मतलई तुम्हाला गुपचूप बाहेर नेतो. पाणी सपाट असतं, भीती वाटत नाही, तासभर प्लग साफ करण्यात जातो आणि मान वर करता तेव्हा किनारा धूसर झालेला असतो. दुपारी तीनला बंद पडलं तर तोच समुद्र तुम्हाला खडपांवर लोटतो, आणि तिथे तासभर मिळत नाही, दहा-पंधरा मिनिटं मिळतात. म्हणून नांगर आणि दोर कायम हाताशी, सामानाखाली नाही. इंजिन बंद पडलं की पहिल्यांदा नांगर टाकायचा, मग झाकण उघडायचं. एकच इंजिन असलेल्या बोटीला हा नियम पाठ हवा.

नांगराचंच आणखी एक. संध्याकाळी खाऱ्या वाऱ्यात नांगर टाकला की बोट नांगराच्या जमिनीकडच्या बाजूला उभी राहते. मध्यरात्रीनंतर मतलई सुटला की ती अर्धं वर्तुळ फिरून समुद्राकडच्या बाजूला जाते आणि नांगराला नेमकी उलट दिशेने ओढ बसते. आंबोळगडजवळच्या एका उघड्या वळणात आम्ही चार मीटर पाण्यात जेमतेम बारा मीटर दोर सोडून झोपलो होतो. पहाटे चारला मला जाग आली ती थंडीने. उठून पाहिलं तर गावातले दिवे भलतेच लहान झाले होते. बोट मैलभर बाहेर गेली होती, नांगर खाली नुसता लोंबकळत होता. त्या रात्री समुद्रावर एक सुरकुती नव्हती. तेव्हापासून मी खोलीच्या किमान पाचपट दोर सोडतो, नांगराला लागून काही मीटर साखळी ठेवतो आणि वारा फिरायच्या वेळेला एकाला जागं ठेवतो.

आता लाटेबद्दल, कारण खरी गुंतागुंत तिथे आहे. हिवाळ्यात कोकण किनाऱ्यावर तीन निरनिराळ्या लाटा एकाच वेळी येत असतात. पहिली खाऱ्या वाऱ्याची, इथेच जन्मलेली: आखूड, चार-पाच सेकंदांची (एका लाटेनंतर दुसरी यायला लागणारा वेळ, हाच लाटेचा काळ), अंगावर पाणी उडवणारी. दुसरी वायव्येकडची. इराणच्या आखातात आणि अरबस्तानात हिवाळ्यात शमाल नावाचा जोरकस वारा वाहतो. त्याने उत्तर अरबी समुद्रात उठवलेल्या लाटा दीड-दोन दिवसांनी आपल्याकडे पोचतात, सहा ते आठ सेकंदांच्या, एक ते दीड मीटर, कधी त्याहून मोठ्या. आपल्याकडे वाऱ्याची झुळूकही नसताना त्या येऊ शकतात. माझी एक जुनी खूण आहे: उत्तरेत पश्चिमी विक्षोभ येऊन गेला, काश्मीरला बर्फ पडला, मुंबईत पारा उतरल्याच्या बातम्या आल्या, की पुढचे दोन-तीन दिवस मी खडपांलगतचं काम ठेवत नाही. विक्षोभाच्या पाठोपाठच शमाल जोर धरतो. कधीकधी त्याच वाऱ्याबरोबर धूळही येते. २०२२ च्या जानेवारीत २२-२३ तारखेला कराचीकडून आलेल्या धुळीने गुजरातपासून मुंबईपर्यंत हवा पिवळसर करून टाकली होती. अशा वेळी दोन मैलांवरचा डोंगरही दिसत नाही.

तिसरी लाट नैर्ऋत्येकडून येते, थेट दक्षिण महासागरातून, हजारो किलोमीटर चालून. तिचा काळ बारा ते सोळा सेकंदांचा असतो आणि खोल पाण्यात तिची उंची फार तर गुडघ्या-मांडीएवढी. बोटीत बसून ती कळतच नाही, बोट हळूच वर जाते आणि हळूच खाली येते. हीच लाट छोट्या बोटींना फसवते. कारण लाटेचा काळ जितका मोठा, तितकी ती उथळ पाण्यात शिरताना फुगते. सात सेकंदांची एक मीटरची लाट तीन मीटर पाण्यात आली तरी जवळजवळ तेवढीच राहते. पंधरा सेकंदांची एक मीटरची लाट त्याच जागी दीड मीटरच्या आसपास जाते, उभी होते आणि आणखी उथळात फुटते. शिवाय या लाटा घोळक्याने येतात. दहा मिनिटं काहीच नाही, मग तीन-चार मोठ्या, परत शांत. पाण्याखाली हात-दीड हात असलेलं खडप त्या दहा मिनिटांत अजिबात दिसत नाही. वर गुळगुळीत निळं पाणी. मग घोळका येतो, पाणी बाजूला सरतं आणि काळा दगड शिंपल्यांसकट वर येतो. सर्व्हेच्या कामात अशी नवी खडपं आम्ही मोजून नाही, वाट पाहून शोधली आहेत. अनोळखी जागी वळायचं असेल तर बाहेर पंधरा मिनिटं इंजिन मंद ठेवून नुसतं बघा. कुठे फुटतंय ते समुद्र स्वतः दाखवतो.

आपला किनारा सरळ वाळूचा असता तर एवढं सांगावं लागलं नसतं. जयगड ते मालवण म्हणजे एक भूशिर, एक वळण, एक खाडी, परत भूशिर, असं दातेरी काम आहे. बेसॉल्टचे आणि जांभ्याचे उभे कडे थेट पाण्यात उतरलेले. अशा कड्यावर लाट विरत नाही, आपटून परत येते. जाणारी आणि परतणारी लाट एकमेकींवर चढल्या की पाणी टोकदार होऊन जागच्या जागी उसळतं, त्याला धड दिशाच नसते. मागून येणाऱ्या लाटेत बोट कशी सांभाळायची हे शिकता येतं, या उसळण्याला उत्तर नाही. कड्यांपासून पाव-अर्ध्या मैलात दुपारचं हे हमखास मिळतं. त्यात हिवाळ्यात किनाऱ्यालगतचा मोठा प्रवाह उत्तरेकडे वाहतो आणि वारा उत्तरेकडून येतो. वारा प्रवाहाच्या तोंडावर आला की लाट आखूड आणि उभी होते, भूशिरांच्या टोकाशी तर जास्तच. तेव्हा "किनाऱ्याकिनाऱ्याने" हा शब्द तुमच्या बेतातून काढून टाका. भूशिरांना दोन मैल लांबून वळसा घाला. किनारा जवळ असला की सुरक्षित वाटतं, पण या प्रवासात खडक फक्त किनाऱ्याजवळच आहेत.

सगळ्यांत महत्त्वाचा मुद्दा खाड्यांच्या तोंडांचा. तिथे मी थोडा जास्त वेळ घेतो.

भरतीची वेळ काढायची आपल्याकडची जुनी रीत तुम्हाला माहीत असेल: तिथीला पाऊणपट करायची. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकराच्या आसपास पूर्ण भरती. थोडं पुढेमागे होतं, पण बेत आखायला पुरतं. आता हे वाऱ्याच्या घड्याळाशेजारी ठेवा. पौर्णिमेच्या किंवा अमावास्येच्या उधाणाला भरती अकराच्या सुमाराला संपते आणि सुकतीचा, म्हणजे ओहोटीचा, सर्वांत जोराचा ओघ दोन-तीनला असतो. म्हणजे खारा वारा भरात असतो तेव्हाच. खाडीचं पाणी बाहेर धावतंय, वारा आणि लाट आत धावतायत, आणि दोघं तोंडाशी पाण्याखाली साचलेल्या वाळूच्या दांड्यावर भेटतात. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटी सगळ्यांत कमी असते तेव्हा, नेमकं उलटं: दुपारी भरती चढत असते, ओघही मंद असतो, त्याच खाडीत तुम्ही गप्पा मारत शिरता. तुमच्या आठवड्यात पौर्णिमा-अमावास्या येत असेल तर बेत चार-पाच दिवस पुढे ढकला. पंचांग बघून बोट काढणं हा इथे धर्माचा भाग नाही, पाण्याचा आहे.

एक प्रसंग सांगतो. पूर्णगडच्या खाडीत शिरायचं होतं. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसाची दुपार, तीन वाजून गेलेले, अंगावर ऊन, वारा चौदा-पंधरा नॉट. लांबून तोंड मोकळं दिसत होतं, कारण समुद्राकडून आपल्याला लाटेची फक्त पाठ दिसते आणि पाठ गुळगुळीत असते. फुटणारा भाग पलीकडे, किनाऱ्याच्या बाजूला. मी इंजिन वाढवणार तेवढ्यात शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या तांडेलकाकांनी (तांडेल म्हणजे मच्छीमारी बोटीचा प्रमुख) माझ्या हातावर हात ठेवला. "थांब रे. पाणी बघ आधी." आम्ही थांबलो. सहा-सात लाटा मुकाट गेल्या. मग आमच्या खालून एक जाड लाट सरकली, पुढे गेली, तिची पाठ एकदम उंच झाली आणि तिच्या पलीकडून पांढरा धूर उडाला. तिच्यामागून आणखी दोन.

आमच्या मागून आलेली एक फायबर बोट थांबली नाही. ती तोंडात शिरताना लाटेने तिचा मागचा भाग उचलला, नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, खाली घुसली, आणि त्या क्षणी इंजिनाचा पंखा हवेत घरघरला. सुकाणूला काही हुकूम उरला नाही. बोट आडवी फिरली आणि पुढच्या लाटेने कुशीवर घेतली. दोन माणसं पाण्यात पडली. सुकतीच्या ओघाने त्यांना आमच्याकडेच आणलं, म्हणून दोर टाकून घेता आलं. एकाच्या अंगात जॅकेट होतं, दुसऱ्याचं बाकाखाली बांधलेलं होतं. त्या दुसऱ्याला वर ओढलं तेव्हा तो बोलू शकत नव्हता. हे सगळं मिनिटभरात घडलं.

आम्ही बाहेर नांगर टाकून थांबलो. साडेसहाला वारा पडला होता, भरती लागली होती. त्याच जागेवरून आत शिरलो तेव्हा डब्यातला चहा सांडला नाही.

म्हणून नियम असा: खाडीत शिरायचं ते भरतीच्या शेवटच्या दोन तासांत, नाहीतर बाहेर थांबायचं. शिरण्याआधी लाटांचे किमान दोन घोळके जाऊ द्यायचे. शिरताना मोठ्या लाटेच्या पाठीवर राहायचं, तिला ओलांडायचं नाही आणि मागचीला गाठू द्यायचं नाही. सगळं वजन मागे. जॅकेट अंगात, बंद लावून. भाट्ये आणि पूर्णगड या दोन्ही तोंडांवर वाळू सरकत राहते, गेल्या वर्षीचा मोबाईलमधला मार्ग यंदा चालेलच असं नाही.

मुक्कामासाठी मी खाड्यांची तोंडं आणि उघडी वाळू टाळतो. जयगडहून पहिल्या दिवशी रत्नागिरीचं मिरकरवाडा बंदर, अठरा-वीस मैल (सगळे मैल सागरी). दुसऱ्या दिवशी विजयदुर्ग, पंचवीस-तीस मैल. किल्ल्याच्या आडोशामागे ते बंदर कुठल्याही हवेत शिरता येईल असं आहे, आपल्या पूर्वजांनी आरमार तिथे उगाच ठेवलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी मालवण, तीसेक मैल, आणि वाऱ्याने लवकर उचल खाल्ली तर मध्ये देवगड आहेच. २०१७ च्या डिसेंबरात ओखी वादळ आलं तेव्हा केरळ-तामिळनाडूच्या साठाहून जास्त बोटी, नऊशेवर माणसं, देवगडच्या आसऱ्याला आली होती. रोज उजाडताच निघा, साडेअकराला नांगर पडलेला हवा. एक दिवस राखीव ठेवा, तीन दिवसांचा बेत चार दिवसांचा करा. सोमवारी कामावर हजर व्हायचंय म्हणून रविवारी दुपारी बोट काढणारे मी पाहिले आहेत.

वाळूवर तंबू ठोकणार असाल तर एवढं लक्षात ठेवा की हिवाळ्यात उधाणाची रात्रीची भरती दिवसाच्या भरतीपेक्षा वर चढते. दुपारी पाहिलेल्या ओल्या रेषेवर विसंबून बोट ओढून ठेवली तर रात्री बाराला ती तरंगत असेल.

वादळाचं म्हणाल तर जानेवारीत अरबी समुद्रात त्याची शक्यता फारच कमी. फयान ११ नोव्हेंबर २००९ चं, ओखी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातलं. तरी निघण्याआधी हवामान खात्याचं पत्रक आणि हैदराबादच्या इन्कॉईस या सरकारी संस्थेचा सागरी अंदाज बघा. तो मराठीतही मिळतो. बघताना नुसती "लाटेची उंची" बघून मिटवू नका. फुगवट्याची, म्हणजे लांबून आलेल्या लाटेची, उंची, काळ आणि दिशा वेगळी दिलेली असते. काळ बारा सेकंदांच्या पुढे दिसला तर खाड्यांची तोंडं विसरा, उंची कितीही कमी असो. दिशा वायव्य आणि उंची सव्वा मीटरच्या वर दिसली तर बंदरातच थांबा. आणि एवढं करून मिरकरवाड्यात किंवा विजयदुर्गला पहाटे परतणाऱ्या एखाद्या तांडेलाला विचारा, "बाहेर पाणी कसं आहे?" तो रात्रभर त्या पाण्यावर होता.

छोट्या गोष्टी पटकन सांगतो. पहाटे खाड्यांमधलं धुकं मतलईबरोबर तोंडातून बाहेर लोटतं, त्यात ट्रॉलरही असतात आणि जाळ्यांचे बोयेही, म्हणून सूर्य हातभर वर येईपर्यंत वेग नको. पंख्यात जाळं अडकलं तर कापायला सुरी हवी, आणि ज्याचं जाळं कापलं त्याला बंदरात गाठून भरपाई देण्याची दानत हवी. पाणी कोमट असतं, पण भिजल्यावर पहाटेचा वारा हुडहुडी भरवतो, सुके कपडे घट्ट पिशवीत ठेवा. व्हीएचएफ रेडिओ संच असेल तर १६ नंबरचा चॅनल चालू ठेवा. तटरक्षक दलाचा नंबर १५५४, सागरी पोलिसांचा १०९३. कड्यांखाली मोबाईलची रेंज जाते, म्हणून रोज कुठून निघालो आणि किती वाजता पोचणार हे किनाऱ्यावरच्या एका माणसाला सांगून निघा.

मालवणात शिरताना सिंधुदुर्गाभोवती खडपांचं जाळं आहे. शिवाजी महाराजांनी ती जागा निवडली त्यात या खडपांचाही वाटा होता, परक्या जहाजाला तिथे वाट सापडू नये म्हणून. तुम्हीही तिथे परकेच आहात. किल्ल्याच्या बाहेर थांबा, फेरी मारणाऱ्या एखाद्या स्थानिक होडीला हात करा आणि तिच्या मागोमाग आत या.

शेवटी परतीचं. जाताना वारा आणि लाट दोन्ही तुमच्या पाठीवर असतील, मजा येईल, पेट्रोल कमी लागेल आणि बोट आपल्याला वाटते त्याहून चांगली आहे असा समज होईल. परतताना तेच पाऊणशे मैल वायव्येच्या तोंडावर आहेत. प्रत्येक लाटेवर नाळ आपटेल, वेग निम्म्यावर येईल, म्हणजे साडेअकराच्या आत बंदर गाठण्याचं गणितच बसणार नाही. माझं ऐकाल तर बोट मालवणातच ट्रेलरवर चढवा आणि रस्त्याने घरी न्या.